डिश उतरवण्याआधी जरा थांबा

रविवारी ऐरोलीला आत्याकडे गेलो, तर खिडकीबाहेरच्या भिंतीला चार भोकं आणि गंजाचे ओघळ. बारा वर्षं कबुतरांनी जिच्यावर संसार थाटला, ती डीटीएचची डिश गायब. आत्यानं पाचशे रुपये मोजून ती उतरवून घेतली होती. कारण? भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला निरोप. तोच निरोप मग आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेलेला दिसला.

निरोपाचा सारांश असा. युक्रेनमध्ये ज्या इमारतींवर डिश होत्या त्यांच्यावरच क्षेपणास्त्रं पडली, म्हणून घरावरची प्रत्येक डिश ताबडतोब काढा. इलॉन मस्कच्या स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह वरून घराचे फोटो काढतात. खाजगी उपग्रह युद्धात वापरण्याची ही पहिलीच वेळ. आणि आपलं सगळं सैन्य स्टारलिंकवर चालतं. मस्कनं बटण दाबलं की जवान मुके-बहिरे.

आधी डिशचं बघू, कारण पाचशे रुपये तिच्यापायी गेले. डीटीएचची डिश म्हणजे नुसता कान. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा उपग्रह बोलतो, ती ऐकते. वर काही पाठवत नाही. जी गोष्ट बोलतच नाही, तिचा आवाज शत्रू कुठून पकडणार? हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "मग तिला वायर कशाला लागते रे?" प्रश्न रास्त आहे. त्या वायरीतून पकडलेला सिग्नल खाली येतो आणि टीव्हीखालच्या डब्यातून तेरा किंवा अठरा व्होल्ट वीज वर जाते, डिशसमोरच्या त्या छोट्या बोंडल्यासाठी. बास. शत्रूला डिश दिसतच असेल, तर ऐरोलीपासून घोडबंदरपर्यंत प्रत्येक इमारतीवर डिश आहेत, त्यातली त्यानं कोणती निवडायची?

यात अर्धं खरं आहे, तेही नाइलाजानं सांगतो. स्टारलिंकची डिश ऐकते तशी बोलतेही. सुमारे ५५० किलोमीटरवरून भराभर सरकणाऱ्या उपग्रहांकडे ती लहरी पाठवते आणि पाठवणारं यंत्र हुडकता येतं. मार्च २०२२ मध्ये खुद्द मस्कनंच युक्रेनच्या लोकांना जाहीरपणे बजावलं होतं, की ही यंत्रं लक्ष्य होऊ शकतात, गरजेपुरतीच चालू करा आणि अँटेना माणसांपासून लांब ठेवा. रशियाशी लढणारे चेचेन नेते झोखार दुदायेव एप्रिल १९९६ मध्ये मारले गेले, तेव्हा ते उपग्रह फोनवर बोलत होते. पण ही सगळी बोलणारी यंत्रं, तीही युद्धभूमीवरची. आत्याची डिश मालिका ऐकत होती.

शिवाय युक्रेन युद्धात घरोघरच्या उपग्रह यंत्रांवर जो मोठा घाला पडला, त्याला क्षेपणास्त्र लागलंच नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियन सैन्य आत घुसायच्या जेमतेम तासभर आधी, उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. युक्रेनमधलेच नव्हेत, तर बाकीच्या युरोपातलेही हजारो मोडेम जागच्या जागी निकामी झाले. जर्मनीत सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दुरून होणारं नियंत्रण तुटलं. एकाही डिशला ओरखडा आला नाही. निरोप लिहिणाऱ्या महाभागाला हे ठाऊक असतं तर त्यानं मोडेम खाडीत टाकायला सांगितलं असतं.

फोटोंचं एका वाक्यात: स्टारलिंक हे संपर्काचे उपग्रह आहेत, जमिनीचे फोटो काढणारे उपग्रह वेगळे असतात. "पहिलीच वेळ" हेही खोटं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी सैन्यानं व्यापारी उपग्रह भाड्यानं वापरले होते. आणि २६/११ च्या हल्लेखोरांकडचा उपग्रह फोन मुंबई परिसरात राहून विसरायचा म्हणजे कमाल झाली.

आता आपलं सैन्य. नौदलासाठी जीसॅट-७ हा संपर्काचा उपग्रह ऑगस्ट २०१३ मध्ये गेला, हवाई दलासाठी जीसॅट-७ए डिसेंबर २०१८ मध्ये. २ नोव्हेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून नौदलाचा सीएमएस-०३ उडाला, वजन ४,४०० किलोच्या आसपास. यातला एकही मस्कचा नाही. स्टारलिंकला आपल्याकडे दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला तोच जून २०२५ मध्ये. त्याच्या आधी काय जवान शिट्ट्या वाजवून बोलत होते?

बटणाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियाजवळ स्टारलिंकची सेवा चालू करण्याची युक्रेनची विनंती आपण मानली नाही, हे मस्कनं सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतः कबूल केलं. २४ जुलै २०२५ ला अंतर्गत सॉफ्टवेअर बिघडलं आणि स्टारलिंक जगभर अडीचेक तास बंद पडलं, युक्रेनच्या आघाडीवरही. लढणाऱ्या देशाचा संपर्क परक्या कंपनीच्या हातात असणं ही खरी काळजी. निरोपात ती शेवटच्या ओळीत, तीही चुकीच्या सैन्याच्या नावावर.

डिश पुन्हा बसवायचे आठशे सांगितलेत. माणूस शनिवारी येतोय. निरोप पुढे ढकलणाऱ्या भजनी मंडळातल्या काकांनी निम्मे द्यावेत असं मी सुचवलं, तर आत्या म्हणाली, "अरे, त्यांनीपण काढलीय."