छोट्या चित्रात अख्खा गड मावत नाही
गेम विकायचा तर आधी ट्रेलरवर खर्च करा, असं एका लेखात वाचलं. मला नाही पटलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याआधी दिसतं ते कॅप्सूल, म्हणजे यादीत गेमची ओळख म्हणून लागणारं चित्र. आम्ही दोघं साताऱ्यात अजिंक्यतारा गडाबद्दलचा गेम बनवतोय. पहिल्या चित्रात अख्खा गड, ढग, मावळे, सगळं कोंबलेलं. छोटं कॅप्सूल स्टीम १२०×४५ पिक्सेलपर्यंत लहान करतं. तिथे दिसला नुसता हिरवा डाग! आता फक्त दरवाजा, एक मशाल आणि जाड अक्षरांत नाव. वर्णनातला 'प्राचीन भूमीतला अद्भुत प्रवास' काढून 'भर पावसात मशाल विझू न देता गड चढा' लिहिलं. खेळायचं काय, ते पहिल्याच ओळीत कळायला हवं. आणि चित्रावर पुरस्कार, रेटिंग छापू नका, २०२२ पासून स्टीमवर त्याला मनाई आहे.