परदेशातून: बाहेरचा सूर

गेल्या डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला नागपूरला गेले होते. हळदीच्या संध्याकाळी सक्करदऱ्याच्या घरी स्पीकरवर ‘झिंगाट’ वाजलं, पोरं नाचून दमली, आणि मग कुणीतरी ‘सैराट झालं जी’ लावलं. अंगणातला गलका आपसूक खाली आला. तेवढ्यात काका म्हणाले, "आता हे पाय. गाणं मराठी, अन् गाणारी बाई मद्रासची. वरून व्हायोलिन वाजवाले अमेरिकेतले. आपल्या इथं कोणीच नाही का?" लगेच दोन तट पडले. एक म्हणे आपल्या पोरींच्या पोटावर पाय, दुसरा म्हणे दर्जा पाहिजे तर बाहेर जावंच लागतं. मी त्या दिवशी गप्प बसले. पण तो वाद माझ्यासोबत लॉस एंजेलिसपर्यंत आला.

हे द्वंद्वगीत अजय गोगावले आणि चिन्मयी श्रीपादा यांनी गायलंय. अजयच्या आवाजाला खरखर आहे. उंच जाताना गळा ताणलेला कळतो, आणि तो ताण त्याने झाकलेला नाही. चिन्मयीचा आवाज त्याच्या शेजारी स्वच्छ, भरीव येतो. ती त्याची नक्कल करत नाही, गावरानपणा अंगावर ओढून घेत नाही. त्यातला ‘जी’ तर मला फार आवडतो. शाहिराच्या मागे झीलकरी ज्या ‘जी’ला खणखणीत उचलून धरतात, तोच इथे दोन माणसांमधला हळवा होकार होतो. चिन्मयीची मातृभाषा तमिळ. ती मराठी नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, तमिळमध्ये आपल्यासारखाच ‘ळ’ आहे. आणि माझी वऱ्हाडातली आजी डोळ्याला जन्मभर ‘डोया’ म्हणत आली. मग मराठी कुणाची शुद्ध धरायची? नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आमच्या बोलीत हिंदी मुरलेली आहे. कॉलेजसाठी पुण्याला गेले तेव्हा ‘करून राह्यली’ म्हटलं की वर्गात खसखस पिकायची. ज्यांनी हे सोसलंय त्यांनी तरी दुसऱ्याच्या उच्चारावर बोट ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. इथे रोज मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना माझं एखादं वाक्य कुणी पुन्हा विचारलं की अजूनही कान गरम होतात.

वाद्यवृंदाचं मात्र वेगळं आहे. ‘सैराट’चं सिंफनी पद्धतीचं संगीत कल्व्हर सिटीतल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झालं. जुन्या एमजीएमच्या आवारातली ती वास्तू माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. अशा ठिकाणी वादक बहुधा त्याच दिवशी स्वरलिपी पहिल्यांदा पाहतात, कानात ठेक्याची टिकटिक, आणि कागदावरून सरळ वाजवतात. सिनेमातला करमाळ्याचा ऊस, विहीर, केळीची बाग यांतलं त्यांनी काय पाहिलं असणार? तरीही संगीतकार अजय-अतुल यांनी लिहिलेली ती तंतुवाद्यं शेतावरून वारा जावा तशी जातात. भाव कागदावर उतरवणारा आपला होता, गज ओढणारे हात बाहेरचे. मला यात कमीपणा वाटत नाही. ‘हॉलिवूडमध्ये रेकॉर्ड केलं’ म्हणून छाती फुगवण्यासारखंही काही दिसत नाही.

पण काकांच्या प्रश्नातला एक भाग खरा आहे, आणि तो मी तिथेच मान्य करायला हवा होता. आपल्याकडे माणसं होती की! अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे संगीत संयोजक मुंबईत हिंदी सिनेमासाठी पानंच्या पानं स्वरलिपी लिहीत, आणि व्हायोलिनच्या रांगा एका दमात ती वाजवत. मग सिंथेसायझर आले, एका माणसाच्या बोटांवर वीस जणांचं काम निघू लागलं, आणि त्या रांगा विस्कटल्या. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेने 2006 मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा त्यातले बरेच वादक परदेशातून आणावे लागले. इथले, लॉस एंजेलिसचे वादकही हेच रडगाणं गातात. सिनेमाचं संगीत स्वस्तात होतं म्हणून लंडनला, प्रागला जातं, आमच्या हाताला काम नाही, असं ते म्हणतात. म्हणजे काकांची तक्रार इथल्या व्हायोलिनवाल्यांनाही तंतोतंत कळली असती. रेशीमबागेत सुरेश भट सभागृहासारखं दोन हजार खुर्च्यांचं सभागृह उभं राहिलंय, पण नागपूरच्या मुलाला चेलो, म्हणजे ते मोठं व्हायोलिन, शिकायचा असेल तर त्याला कुणाकडे पाठवायचं? भांडायचं तर यावर भांडू या. चिन्मयीला त्यात ओढण्याचं कारण नाही.

आणि ज्या सिनेमावरून हा वाद, त्यात काय घडतं? परशा आणि आर्ची जातीच्या भीतीने घर सोडून हैदराबादला पळतात. भाषा तेलुगू, ओळखीचं कोणी नाही. त्यांना छप्पर देते ती तिथली परकी बाई. भेटवस्तू घेऊन दारात येतात ते घरचे, आणि जीव घेतात तेही घरचेच.

2016 च्या मे महिन्यात आईसोबत नागपूरच्या थिएटरात मी तो पाहिला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. शेवटी त्यांचं लहानगं पोर रक्तातून चालत बाहेर येतं, रडतं, आणि त्याचं रडणं ऐकूच येत नाही. आधी इतकं भरभरून वाजलेलं सगळं संगीत तिथे थांबलेलं असतं. आमच्या मागे कुणीतरी हळूच विचारलं, "आवाज गेला का बे?"

कोणी उत्तर दिलं नाही. आईने माझा हात धरला होता, तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.