सुई नको म्हणजे इलाज नको असं नाही (कोल्हापूरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार कोल्हापूरकर,

"केनाकॉर्टच्या इंजेक्शनशिवाय केलॉइड बसत नाही, माझ्या मुलीच्या कानाचा त्यानेच बसला, तुम्ही पट्ट्या-बिट्ट्या सुचवून लोकांचा वेळ घालवताय" असं तुम्ही केलॉइडच्या (जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणाऱ्या जाड वणाच्या) बिनसुईच्या उपचारांवर मी लिहिलं होतं त्याखाली लिहिलंय. केनाकॉर्ट म्हणजे गाठीत टोचायचं स्टिरॉइड. अर्धं मान्य. जुना, टणक, जाड केलॉइड नुसत्या सिलिकॉनच्या पट्टीने सपाट होईल अशी आशा कुणी धरूच नये, तिथे इंजेक्शनच पहिलं. पण ते देताना काय होतं तेही लिहा की! टणक गाठीत औषध शिरत नाही, डॉक्टरांना जोर लावावा लागतो, पेशंटच्या डोळ्यात पाणी येतं, आणि हे दर तीन-चार आठवड्यांनी, महिनोन् महिने. मग एक-दोन सिटिंगनंतर माणसं जाणंच सोडतात आणि कुणीतरी सांगतं म्हणून सरळ कापून मोकळी होतात. नुसतं कापलं तर 45 ते 100 टक्के केलॉइड परत येतात, बऱ्याचदा आधीपेक्षा मोठे. मी लिहिलं ते या लोकांसाठी.

सिलिकॉन शीटचा पुरावा कच्चा आहे हे तुमचं बरोबर, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यातही तेच आहे. तरी नव्या वणावर किंवा ऑपरेशननंतर, जखम पूर्ण भरल्यावर, रोज किमान बारा तास आणि दोन-तीन महिने तरी लावायला हरकत नाही, खाज तरी कमी होते. आपल्या मे महिन्यात खाली घामोळं येतं, तेव्हा काढा, धुवा, कोरडं करून परत लावा, नाहीतर दिवसा जेल वापरा. स्टिरॉइडची चिकटपट्टी यापेक्षा मला जास्त पटते, जपानमध्ये ती खूप वापरतात, लहान मुलांची कातडी पातळ म्हणून त्यांच्यात छान काम करते, पण आपल्याकडे सहज मिळत नाही हे दुखणं आहेच. आणि कांद्याच्या अर्काच्या क्रीमवर पैसे घालवू नका, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने.

लिक्विड नायट्रोजनने गाठ गोठवायलाही सुई लागत नाही. पण उणे 196 अंशांचा तो मारा चांगलाच दुखतो, फोड येतो आणि आपल्या सावळ्या रंगावर पांढरा डाग राहू शकतो, कधी कायमचा. हे आधी सांगणारा डॉक्टर शोधा.

तुम्ही ज्याला "धंदा" म्हणालात त्या जेट इंजेक्टरमध्ये औषध तेच असतं, फक्त सुईऐवजी दाबाने बारीक धार कातडीतून आत जाते. बिनसुईचं म्हणजे बिनदुखीचं असं मी कुठेही लिहिलेलं नाही, फटका बसतोच, आणि फार टणक गाठ असली तर औषध वरच्यावर राहतं किंवा उलटं उडतं. विचारायची गोष्ट एकच, नोझल दर पेशंटला नवीन असतं का? 1984-85 मध्ये कॅलिफोर्नियात वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमध्ये जेट इंजेक्टरमुळेच हिपॅटायटिस बी पसरला होता. दुसरा मार्ग म्हणजे फ्रॅक्शनल सीओटू लेझरने बारीक भोकं पाडायची आणि वरून तेच स्टिरॉइड सोडायचं. महाग आहे, भूल देणारं क्रीम तासभर आधी लावावं लागतं, पण सुईला थरथरणाऱ्या माणसाला हे सहन होतं.

मुलीच्या कानाचं म्हणाल तर कानाची पाळी ही दाब द्यायला सगळ्यात सोयीची जागा, प्रेशर इयररिंग मिळतात, ऑपरेशननंतर तर त्या घालाव्यातच, दिवसाचे बरेच तास, सहा महिने तरी. बसलेला केलॉइड परत डोकं वर काढू शकतो म्हणून लक्ष ठेवा.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की आता तिला नाक टोचायचंय. अजिबात टोचू नका हो, सोनाराकडे नाही, पार्लरमध्ये तर नाहीच. एकदा केलॉइड झालेल्याला परत होण्याचा धोका मोठा. तुमच्याकडे महाद्वार रोडला दाबाच्या नथी हव्या तेवढ्या मिळतात, त्यातली एक तिला आवडीची घेऊ द्या.