खासगी नर्सिंग कॉलेज: इमारत नको, वॉर्ड बघा (एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. खासगी नर्सिंग कॉलेज ठरवण्याआधी तिथलं रुग्णालय स्वतः जाऊन बघा, असं मी लिहिलं होतं. हा सल्ला सवड असलेल्या शहरी पालकांसाठी आहे, रोजंदारी बुडवून आलेल्या बापाला वॉर्डात कोण सोडणार, असं तुम्ही विचारता. सरकारी जागा मोजक्या असताना खासगी कॉलेजांची भीती घालून मुलींना घरी बसवायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

सरकारी जागांचं म्हणणं खरं आहे. आणि मुलींनी घरी बसावं असं मला कधीच वाटलेलं नाही. खासगी कॉलेजातली बी.एस्सी. नर्सिंगची मुलगीही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच परीक्षा देते. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिची नोंदणी होते आणि एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला) किंवा अधिपरिचारिकेच्या सरकारी भरतीला ती इतरांच्या बरोबरीने बसते. फरक पडतो तो चार वर्षांत तिने किती रुग्णांची सेवा केली यात.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे बी.एस्सी.साठी संस्थेचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावे लागतात. कागदावर हे जुळवता येतं. खाटेवर माणूस आहे का, हे मात्र बघावंच लागतं, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ओपीडीत केसपेपर काढायला कोणीही जाऊ शकतो. सकाळी दहा-साडेदहाला तिथल्या बाकावर तासभर बसा. नंबर लागलेत का, युनिफॉर्ममधल्या मुली कामात दिसतात का, प्रसूती विभागाबाहेर नातेवाईक ताटकळत आहेत का, एवढं बघा. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिथे बाळंतपणंच होत नाहीत, तिथे मुली एकमेकींच्या केसबुकवरून, म्हणजे स्वतः हाताळलेल्या रुग्णांच्या नोंदवहीवरून, उतरवून घेतात. अशी केसबुकं मी शिकवत असताना तपासली आहेत. पुढे नोकरीतल्या पहिल्याच रात्रपाळीला लेबर रूममध्ये त्या मुलीचे हात थरथरतात, आणि त्यात तिचा काहीही दोष नसतो.

जाणं जमतच नसेल, तर तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेली तुमच्या तालुक्यातली एखादी मुलगी शोधा आणि तिला फोन करा. ट्यूटर वॉर्डात सोबत असते का? मानसिक आरोग्याची पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रात्यक्षिक, कुठे होते? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. यांपैकी कुठे किंवा एखाद्या मानसोपचार रुग्णालयात खरंच नेतात, की वर्गातच उरकतात? हॉस्टेलवर रात्री जबाबदार बाई असते का? प्राचार्यांच्या केबिनमध्ये ही उत्तरं मिळणार नाहीत.

आता तुमच्या ओळखीच्या एजंटबद्दल. ‘सीट पक्की, सीईटीची कटकट नाही, हजेरीचीही सक्ती नाही’ असं तो सांगतो, आणि यात वाईट काय, असं तुम्ही लिहिलंय. इथे मी अजिबात मागे हटणार नाही. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी पूर्ण १०० टक्के भरावी लागते. ‘नॉन-अटेंडिंग’ प्रवेश म्हणजे खोटी हजेरी. आणि त्या खोट्याची किंमत उद्या एखादा रुग्ण चुकवतो.

पैशांच्या हिशेबानेही हा सौदा तुमच्या तोट्याचा आहे. तुम्ही ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, आलेल्या अशा मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. व्यवस्थापन कोट्यातल्या आणि संस्थेच्या पातळीवर झालेल्या प्रवेशांना ही सवलत नाही. एजंटच्या हातून सीट घेतलीत की चार वर्षांची माफी गेलीच, वर त्याचं कमिशन. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. त्यावर कोणी ‘डोनेशन’ मागितलं, तर १९८७ च्या राज्य कायद्याने ते बेकायदा आहे. हॉस्टेल-मेसचे पैसे वेगळे पडतील, त्यांची पावती घ्याच.

जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेचा, विचार करत असाल तर एक लक्षात असू द्या: नॉरसेटसाठी बी.एस्सी.वालीला थेट अर्ज करता येतो, जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. मार्क चांगले असतील तर बी.एस्सी.च बघा.

मुलगी अजून बारावीत आहे ना? मग जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच करा, त्याला महिने लागतात. नॉन-क्रिमिलेयर, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधी हातात ठेवा. पसंतीक्रम भरायची वेळ आली की तुमच्या मनातल्या कॉलेजांची नावं मला इथे कळवा. मराठवाड्यातली बरीच रुग्णालयं मी आतून पाहिलेली आहेत. कोणत्या वॉर्डात काम शिकायला मिळतं ते सांगेन.