१,८५० रुपयांची शिट्टी

परवा घरगुती गणपतींच्या विसर्जनाच्या दिवशी कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर ज्यांनी ज्यांनी "आता ह्याला नदीतच टाकतो" हे वाक्य किमान वीस वेळा ऐकले, त्या सर्वांना मला एवढेच कळवायचे आहे की तो आवाज माझा होता, ती घोषणा नव्हती, आणि 'ह्याला' हा शब्द गणरायाला नव्हे, माझ्या हातातल्या भोंग्याला उद्देशून होता.

आमचा ज्येष्ठ नागरिकांचा गट दर वर्षी घाटावर उभा राहून लोकांना विनवतो की मूर्ती नदीत सोडू नका, काहिलीत, म्हणजे घाटावर पाणी भरून ठेवलेल्या मोठ्या कढईत, विसर्जन करा किंवा दान द्या, आणि निर्माल्य वेगळे द्या. बत्तीस वर्षे आठवी-नववीच्या वर्गांसमोर ओरडून माझा घसा कामातून गेलेला असल्यामुळे या वर्षी मी हातात धरायचा भोंगा घ्यायचे ठरवले, आणि तिथेच माझी साडेसाती सुरू झाली.

लक्ष्मीपुरीतल्या ज्या दुकानातून तो घेतला त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण तसे दुकान प्रत्येकाच्या नशिबी एकदा येतेच. खोक्यावर ५० वॅट आणि १ किलोमीटर असे ठळक छापलेले होते. दुकानदार म्हणाला, "सर, तुम्ही रंकाळ्यावरनं बोला, बिंदू चौकात ऐकू येतंय." मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो आणि उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने घटतो, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची मोजदाद नाही. असल्या खोक्यांवरचे वॅट हे बहुधा यंत्राने क्षणभर कण्हत दिलेल्या कमाल शक्तीचे असतात, ते सतत मिळत नाहीत, हेही मला ठाऊक होते. तरीसुद्धा त्या दहा बाय दहाच्या दुकानात त्याने "हॅलो, हॅलो" म्हणून माझ्या कानठळ्या बसवल्या तेव्हा, चार भिंतींच्या आत कोणताही भोंगा मोठाच वाटणार, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही आणि मी १,८५० रुपये मोजून मोकळा झालो. शिवाय ऐन वेळी चार्जिंगने दगा देऊ नये म्हणून आठ मोठे सेल वेगळे घेतले, कारण आठ वेळा दीड म्हणजे बारा व्होल्ट हा हिशेब मात्र मला तत्काळ सुचला.

घरी येऊन कळ दाबली, तर आतून एक परदेशी बाई अगम्य इंग्रजीत काहीतरी म्हणाली. ती काय म्हणाली हे अजून घरात कोणालाही समजलेले नाही, पण यंत्र सुरू करताना, बंद करताना आणि मध्येच तिच्या मनात येईल तेव्हा ती तेच म्हणते. बटणे सात, साबुदाण्याएवढी, सगळी काळी, आणि त्यांच्याखाली काय लिहिले आहे ते भिंग घेतल्याशिवाय वाचता येत नाही. बोलण्याची कळ सतत दाबून धरावी लागते आणि बोटाच्या नेमके पुढे सायरनचे बटण आहे. ही रचना ज्याने केली त्याला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसवून रोज उभे केले असते.

दुपारी चार वाजता घाटावर गर्दी दाटली. हलगी वाजत होती, लहान मुले 'मोरया'च्या आरोळ्या ठोकत होती. मी पायरीवर उभा राहून कळ दाबली आणि 'बंधूंनो' म्हणायच्या आत सायरन सुरू झाला. भाद्रपदात, पंचगंगेच्या काठावर, सायरन! ज्या शहराने २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे आणि ज्या शहरातले शाळकरी पोरही राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका असे झोपेत सांगते, तिथे हा आवाज ऐकून लोकांना काय वाटले असेल? "राधानगरीचे दरवाजे उघडले काय वो?" असा एकच कालवा झाला. एक आजीबाई आरतीचे ताट सावरत झपाझप सात-आठ पायऱ्या वर गेल्या. आता राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, ते उघडले तरी पाणी इथे पोहोचायला तास लागतात, हे सारे त्या गर्दीला समजावण्याची ती वेळ नव्हती. मी भोंगा काखेत दाबला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो की काही झालेले नाही, सर्वांनी शांत राहावे. ते शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ ऐकू गेले. या वाक्यावर मी घरी येऊन बराच वेळ विचार केला आणि नंतर तो विषय सोडून दिला.

सायरन आवरला तर शिट्टी सुरू झाली. घाटाच्या दगडी पायऱ्या, मागे देवळांच्या दगडी भिंती. कर्ण्यातून निघालेला आवाज तिथे आपटून माघारी माइकात शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो, आणि दोन सेकंदांत कान किटवणारी किंकाळी तयार होते. यावर उपाय मला पाठ आहे: माइक ओठांजवळ धरायचा, आवाज कमी करायचा आणि कर्णा भिंतीपासून दुसरीकडे वळवायचा. दुसरीकडे नदी होती, आणि मूर्तिदानाचे आवाहन माशांना करण्याची काही आवश्यकता नव्हती. आवाज कमी केला, तर एवढ्याशा कर्ण्यातून पुरुषाच्या आवाजातले खालचे सूर मुळातच बाहेर पडत नसल्याने मी पडसे झालेल्या माणसासारखा 'बूर्ती दाद करा' असे विनवू लागलो. एक चिमुरडी माझ्याकडे बघून खुदकन हसली; तिला मी दोष देत नाही.

मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या गल्लीत रोज सकाळी सात वाजता कांदा-लसणाचा टेंपो येतो. त्याच्या टपावर तारेने बांधलेला, उन्हापावसाने विटलेला, याच जातीचा भोंगा आहे आणि तीन वर्षांत तो एकदाही अडखळलेला नाही. 'लसूण घ्या लसूण' हे शब्द उशीखाली डोके घातले तरी मेंदूत उतरतात. भंगारवाल्याचाही तसाच. तरुण मंडळांच्या भिंतीएवढ्या यंत्रणांबद्दल तर बोलायलाच नको. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सन २००० च्या नियमांत लिहून ठेवलेली आहे, ती ज्या कागदावर आहे तोसुद्धा त्या दणक्याने थरथरत असेल. थोडक्यात, ज्यांचे आपल्याला ऐकायचे नाही त्या सर्वांची यंत्रे या शहरात ठणठणीत चालतात. आणि हो, त्या अख्ख्या यंत्राला 'माईक' म्हणणारे लोक! माइक हा त्यातला फक्त बोलण्याचा भाग आहे हे सांगून सांगून मी निवृत्त झालो. त्यावर टिचक्या मारणारे आणि फुंकर घालणारे तर अजूनही प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत असतात.

पण मूळ दुखण्याकडे येतो. शिट्टीला वैतागून मी शेजारी उभ्या असलेल्या स्नेह्यांकडे वळून, माझ्या समजुतीप्रमाणे खासगीत, म्हणालो, "आता ह्याला नदीतच टाकतो." त्या वेळी अंगठा कुठल्या बटणावर होता हे देवाला ठाऊक. दहा सेकंदांचे बोलणे साठवून ते पुन्हा पुन्हा ऐकवण्याची सोय या यंत्रात आहे, आणि दिवसभरात प्रथमच ते आपले काम बिनचूक करू लागले. शिट्टी नाही, खरखर नाही. माझा प्रत्येक शब्द खणखणीत. "आता ह्याला नदीतच टाकतो. आता ह्याला नदीतच टाकतो." काहिलीजवळ रांगेत उभे असलेले एक गृहस्थ मूर्ती उचलून सरळ पाण्याकडे निघाले. मी आडवा गेलो, तर म्हणाले, "काका, तुम्हीच की म्हणालाय नदीत टाका म्हणून!" माझ्या हातातला भोंगा त्यांना दुजोरा देत होता.

बंद करण्याचे बटण सापडेना. सेल काढावेत तर झाकणाला स्क्रू, आणि विसर्जनाला कोणी पेचकस घेऊन येत नाही. अखेर मी तो टॉवेलमध्ये गुंडाळून पायरीवर ठेवला आणि त्याच्यावर बसलो. माझ्या बुडाखालून दबक्या आवाजात येणारी ती प्रतिज्ञा पुढे बराच वेळ चालू होती आणि येणारे-जाणारे अदबीने थोडे लांबून जात होते.

काल दुकानात गेलो. मालकाने भोंगा नुसता उलटसुलट केला आणि विचारले, "सर, घाटावर नेला होता नव्हं? पाण्याजवळ वापरल्यावर वॉरंटी जाते." मग त्याने कुठलेसे बटण तीन सेकंद दाबून धरले, बाई काहीतरी म्हणाली आणि यंत्र शांत झाले. मी बाहेर पडेपर्यंत तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार.

गटप्रमुखांचा संध्याकाळी निरोप आला आहे की अनंत चतुर्दशीला मी अवश्य यावे, मात्र येताना काहीही आणण्याची तसदी घेऊ नये. आठ मोठे सेल, जवळजवळ कोरे, माझ्या टेबलावर पडून आहेत. घरातल्या घड्याळात ते बसत नाहीत, रिमोटमध्ये बसत नाहीत, विजेरीतही बसत नाहीत. कोणाला हवे असतील तर त्यांनी घेऊन जावेत. भोंगाही सोबत देईन, फक्त तो सुरू करून दाखवा असे कोणी म्हणू नये.