कर्जाला उदंड आयुष्य लाभो

कर्ज फेडावं कसं, हे सांगणारे पायलीला पन्नास मिळतात. कर्ज जगवावं कसं, अंगाखांद्यावर खेळवून मोठं कसं करावं, यावर मात्र कुणी बोलत नाही. मी या क्षेत्रात सात वर्षं काढली आहेत. दोन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज, मेहुण्याकडची उसनवारी, आणि ‘चार दिवसांत देतो’ म्हणून मित्राकडून घेतलेली एक रक्कम, जिचा पुढे तिसरा वाढदिवस झाला, एवढा गोतावळा एकट्याने सांभाळला. तेव्हा अधिकाराने बोलतोय.

सगळ्यात आधी घरात एक खोल ड्रॉवर हवा. बँकेचं पाकीट आलं की न उघडता त्यात. उघडलं की आकडा दिसतो, दिसलेला आकडा डोक्यात बसतो, आणि मग माणूस उगाच त्याचं काहीतरी करायला जातो. हल्ली पाकिटं कमी आणि ईमेल जास्त येतात. त्यांच्यासाठी ‘नंतर बघू’ नावाचा फोल्डर करून ठेवा. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे आपणही डोळे मिटायचे. दूध कोण पितंय, याची चौकशी करायची नाही.

डोळे मिटलेले असताना आत कामकाज जोरात चालू असतं. महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे किती किरकोळ वाटतं, नाही? वर्षाचे ३६ म्हणावेत, तर व्याजावर व्याज चढून ते साडेबेचाळीसच्या वर जातं. काहीही न भरता स्वस्थ बसलात तर शंभराचे दोनशे व्हायला पुरती दोन वर्षंही लागत नाहीत. तुम्ही नोकरीत इतक्या वेगाने कधी वाढलात का? मग घरातलं कुणीतरी प्रगती करतंय याचा आनंद माना.

अगदीच मन खात असेल तर किमान देय रक्कम भरा. क्रेडिट कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक मोठा आणि उद्धट. दुसरा लहान, मायाळू, ‘एवढंच दे रे बाळा, बाकीचं पुढे बघू’ म्हणणारा. नेहमी या दुसऱ्याचं ऐकावं. समजा शंभर थकलेत, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान भरणा ५ टक्के. महिनाअखेर शंभराचे एकशे तीन होतात, तुम्ही पाच पूर्णांक पंधरा शतांश भरता. त्यातले तीन व्याजात जातात, मुद्दलातून सव्वादोनसुद्धा कमी होत नाहीत. पण बिल भरल्याचं समाधान मिळतं ते अख्खं, त्यात कुणी कपात करत नाही. या चालीने, नवी खरेदी एकही न करता, थकबाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. दहावा हिस्सा उरेपर्यंत जवळपास नऊ वर्षं. थकबाकी उतरेल तशी किमान रक्कमही उतरते, म्हणून प्रवासाचा शेवट असा येतच नाही. ही रचना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा दंडवत.

इथे एक धोका सांगून ठेवतो. पहिल्या महिन्यात भरले तेवढेच, म्हणजे ते पाच पूर्णांक पंधरा, दर महिन्याला हट्टाने भरत राहू नका. बिलावरची किमान रक्कम कमी झाली तरी आपली तीच ठेवायची, असला आडमुठेपणा केला तर तीस महिन्यांत सगळं कर्ज संपतं. निम्मं नव्हे, सगळं. एवढ्याशा दुराग्रहाने एखाद्याची नऊ वर्षांची सोबत तुटल्याचं पाहिलं की वाईट वाटतं.

हप्ता जड जात असेल तर मुदत वाढवून घ्या आणि त्यानंतर किती भरावे लागणार, हे विचारू नका. वार्षिक १२ टक्क्यांनी घेतलेले शंभर पाच वर्षांत फेडले तर एकूण सुमारे १३३ जातात, दहा वर्षांत फेडले तर १७२. हप्ता हलका झाला म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकायचा. दर ‘फ्लॅट’ आहे, म्हणजे कितीही फेडलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच, असं कुणी म्हणालं तर सपाट रस्ता आहे असं समजून पुढे जा. वर्षभराच्या कर्जावरचे फ्लॅट १२ टक्के घटत्या शिलकीवर मोजले तर २१ च्या पुढे जातात, पण मोजायला सांगितलंय कुणी?

कार्डाचा तगादा वाढला की दुसरं कर्ज काढून ते भरा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. दुसऱ्या कर्जाचा दर खरोखर कमी असेल आणि जुनं कार्ड तुम्ही कायमचं बंद करणार असाल, तर मात्र हा मार्ग टाळा. त्यातून कर्ज कमी होण्याचा संभव आहे. आपण जुनं कार्ड ‘अडीनडीला’ म्हणून चालू ठेवायचं. माझी अडीनड अकराव्या दिवशी आली. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲपही आहेत. त्यांतली काही तुमच्या फोनमधले सगळे संपर्क मागतात. द्या की! हप्ता चुकला की तुमच्या शाळासोबत्यांना आणि साहेबांनाही तुमची खुशाली कळेल.

आणि ‘आधी फी भरा, तुमचं कर्ज निम्मं करून देतो’ म्हणणारे परोपकारी लोक भेटले तर फी लगेच भरा. बुडणाऱ्याकडून आधी दोराचे पैसे घेणारा माणूस किती व्यवहारी असेल, विचार करा.

आता सगळ्यात नाजूक विषय. बोलायचं नाही. कुणाशीच नाही. धनकोशी तर अजिबात नाही.

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाने कायदे कोरून ठेवले. त्यांत असं आहे की वादळाने किंवा पाण्याअभावी पीक बुडालं तर कर्जदाराने त्या वर्षी धान्य द्यायचं नाही आणि त्या वर्षाचं व्याजही लागणार नाही. म्हणजे अडचणीत आलेल्याला मुदत द्यावी, हा विचार मातीच्या पाट्यांइतका जुना. आजही हप्ता चुकण्याआधी कळवलं तर पुष्कळ धनको हप्ता कमी करतात, काही महिने थांबतात, दंड माफ करतात. त्यांनाही बुडण्यापेक्षा उशीर परवडतो. पण यात गोम अशी, की शेत बुडालं हे त्या शेतकऱ्यालाही सांगावं लागत असणार. तिथेच आपण हुशारी दाखवायची. अनोळखी नंबर आला की फोन उलटा ठेवायचा. चुकून उचललाच तर ‘सोमवारी नक्की’ म्हणायचं. सोमवारी नक्की काय, ते सांगायचं नाही. काही ठरलंच तर ते लेखी घ्यायचं नाही, म्हणजे पुढच्या महिन्यात नवा माणूस फोन करील तेव्हा सगळी कथा पहिल्यापासून सांगता येते.

एके काळी कर्जदाराला तुरुंगात टाकत. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं, ते कर्जापायीच. बारा वर्षांचा चार्ल्स त्या काळात बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. कोंडून ठेवलेला माणूस कमावणार कशातून, हा प्रश्न इंग्लंडच्या कायद्याला नीट पडला तो १८६९ मध्ये. तेव्हापासून ही सोय बहुतांशी बंद झाली. आता स्वतःची कोठडी स्वतःच बांधावी लागते. मी बांधली होती. लाजेच्या भिंती, वर ‘सगळं उत्तम चाललंय’चं छप्पर. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं जुनी माणसं म्हणायची. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. मेहुणा दिसला की मी लग्नमंडपात खांबाआड जायचो. तीन लग्नं मी अशी खांबांच्या सहवासात काढली. जेवायला चला म्हणणाऱ्याला आग्रहाने सांगायचो, ‘नाही, बिल मीच देणार.’

घरी तर झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी तेव्हा सव्वा लाखाहून बरीच महाग होती. रात्री तीनला छताकडे बघत बेरीज करायची. ही बेरीज तोंडी करावी, म्हणजे दर वेळी वेगळी येते.

पैसे थोडे आणि मागणारे फार अशी वेळ आली की जो सगळ्यात जोरात ओरडतो त्याला आधी द्या. घरभाडं, वीज, पाणी गप्प असतात, त्यांना मागे ठेवा. ती गप्प असतात ती थेट तुटेपर्यंत, एवढीच काय ती अडचण.

एवढी काळजी घेऊनही माझा संसार मोडला, आणि तो एका कात्रीमुळे. बायको कात्री शोधत होती. तिने ड्रॉवर ओढला, तो अडला, जोर लावून ओढला, आणि सात वर्षं फरशीवर पसरली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजावर बोलता आलं असतं. ती खाली बसली आणि पाकिटं तारखेप्रमाणे लावू लागली. मग एका पाकिटाच्या मागे तिने चार रकाने आखले. कुणाचं, किती, व्याज काय, तारीख कोणती.

कर्जाचा खून करायचा असेल तर याहून खात्रीचं हत्यार नाही, म्हणून सांगतो, हा कागद घरात होऊ देऊ नका. छताकडे बघून येणाऱ्या बेरजेपेक्षा ही बेरीज कमी निघाली. मित्रांना सांगायचो त्याच्या मात्र तिप्पट होती. आधी सगळ्यात चढ्या व्याजाचं फेडायचं की सगळ्यात लहान, यावर मी तासभर वाद घालू पाहिला. पहिल्यात पैसे जास्त वाचतात, दुसऱ्यात एक नाव लवकर खोडता येतं म्हणून हुरूप टिकतो. दोन्ही बाजू इतक्या भक्कम आहेत की नीट वाद घातला तर वर्षभर काहीच फेडावं लागणार नाही. बायको म्हणाली, ‘मित्राचे आधी. तीन वर्षं तो बोललेला नाही.’ मग चढ्या व्याजाचं कार्ड. कात्री सापडली होतीच, ती त्यावरच चालली.

बँकेतल्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं, ‘आधी का नाही सांगितलंत?’ मेहुणाही रागावला, पण पैशांवरून नाही, खांबांवरून.

परवा बँकेचं पाकीट आलं. जाड, चकचकीत, वर माझं नाव ठळक अक्षरांत. आपली परतफेड उत्तम असल्याने आपणास नवीन कर्ज आधीच मंजूर झाले आहे, हे बाहेरूनच वाचता येत होतं. सात वर्षांचा अनुभव कामी आला. पाकीट न उघडता मी रद्दीत टाकलं.