फ्लेक्सवर डोकं आज्जाचं, धड भलत्याचंच

सकाळी डेअरीत दूध घालायला गेलो आणि चौकातला फ्लेक्स बघून डोकंच फिरलं. वर माझ्या आज्जाचं डोकं, ताईच्या लग्नातल्या फेट्यासकट. खाली धड कुणाचं? गुगलवरनं उचललेला कुठला तरी अमेरिकन शिपाई! वाळवंटातला ठिपक्याठिपक्यांचा ड्रेस, हातात काळीभोर बंदूक आणि गुडघ्याला पॅड. १९७१ च्या लढाईत गुडघ्याला पॅड, भावांनो! त्याखाली '१६ डिसेंबर विजय दिन, भव्य सत्कार' आणि शुभेच्छुकांचे बावीस चेहरे. सगळे गॉगलवाले. संध्याकाळी सातला डॉल्बी.

हे लिहितोय तर खिडकीची काच थरथरतेय.

आमच्या घरात हा दिवस १६ ला नसतोच. १० डिसेंबरला असतो, रात्री, आणि त्याला काही नाव नाही. त्या दिवशी जेवणं लवकर उरकतात. नऊ वाजता घरातले सगळे दिवे बंद. फ्रीजची बारकी हिरवी लाईट असते ना, त्याच्यावर आई फडकं टाकते. आज्जी दिवाळीतला शंकरपाळ्यांचा एक डबा कुणाला हात लावू देत नाही, तो त्या रात्री निघतो. आज्जा सोप्यात घोंगडं घेऊन बसतो, चार शंकरपाळ्या खातो, वर तांब्याभर पाणी पितो. तासभर कुणी बोलत नाही. दहाला आज्जीच उठून दिवा लावते. झालं. लहानपणी मला ते भारनियमनच वाटायचं.

का, ते आज्जानं एकदाच सांगितलंय. २०१९ च्या महापुरात घरच्यांना शाळेत हलवलं होतं, तिथं लाईट नव्हती. अंधारातच बोलला. आज्जाची पलटण १ मराठा, जंगी पलटण म्हणतात ती. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेली. ९ तारखेला आपल्या ब्रिगेडियरनं एका म्हाताऱ्याच्या हाती शरण येण्याची चिठ्ठी धाडली, तर तिकडनं उत्तर आलं, त्या कागदात चिनी गोळी गुंडाळलेली. दुसऱ्या रात्री पाकिस्तानची ३१ बलुच पलटण, तिचे लोक फळी फोडून निघायला आले ते थेट ह्यांच्याच अंगावर. आज्जाच्या मोर्चात, म्हणजे खंदकात, गडहिंग्लजकडचा एक पोरगा होता. अंधार पडल्यावर म्हणाला, "शक्करपारा हाय का रं? दे की चार." आज्जा म्हणाला, "गप. सकाळी खाऊ." खिशात चारच उरले होते.

सकाळी जमालपूर पडलं. शक्करपारे खिशातच होते.

आता मला सांगा, ह्याच्यावर डॉल्बी कसा लावायचा?

राग फ्लेक्सचा नाहीच खरं तर. १६ तारखेला ढाक्याच्या रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, ९३,००० कैदी हाती लागले, छाती फुगायलाच पाहिजे, माझीही फुगते. पण गावात ज्याला त्याला तो ९३,००० चा आकडाच पाठ. चार शक्करपाऱ्यांचा हिशेब आमच्या घरात एकटा माणूस ५० वर्षांहून जास्त ठेवतोय, त्याला तुम्ही स्टेजवर उभा करून विचारणार, "हवालदार आज्जा, किती मारलं?" मागच्या साली खरंच विचारलं होतं. माईकवरनं. आज्जा म्हणाला, "थंडी लई होती." लोक हसले. मला स्टेजवर चढून माईक हिसकावून घ्यावासा वाटला होता.

बरं, पोरं वाईट नाहीत, हे कबूल. त्याच पुरात छातीएवढ्या पाण्यातनं आज्जाला खांद्यावर घेऊन ह्यांनीच बाहेर काढलं, मी पुण्यात नोकरीच्या नावाखाली बसलो होतो, दोन दिवसांनी पोचलो. निम्मी पोरं पहाटे चारला भरतीसाठी रस्त्यानं पळतात. आणि ह्यांनी फ्लेक्स लावला नसता तर गावातल्या शाळेतल्या पोरांना १९७१ म्हणजे काय ते कळलं नसतं, हेही मान्य. पण म्हणून गुडघ्याला पॅड?

फ्लेक्स करणारा पोरगा परवाच्या १० तारखेलाच घरी आला होता, फोटो मागायला. नऊ वाजून गेले होते. दारातनंच ओरडला, "लाईट गेली काय ओ? शेजारी तर हाय! वायरमनला फोन लावू?" आत कुणी बोलेना. आज्जानंच हलक्या आवाजात सांगितलं, "बस." तो बसला. आज्जानं चाचपडत त्याच्या हातावर दोन शंकरपाळ्या ठेवल्या. चारातल्या दोन. आजवर आज्जीलाही कधी दिल्या नव्हत्या, मला तर नाहीच. मला काय वाटलं ते इथं लिहीत नाही. मग त्या येड्याचा मोबाईल वाजला, सोपाभर निळा उजेड पडला. आज्जानं अख्खा पंजा त्या स्क्रीनवर ठेवला. "झाक त्ये." बोटांच्या कडांतनं उजेड लाल दिसत होता. पोरानं मोबाईल मांडीखाली घातला आणि दहा वाजेपर्यंत तसाच बसून राहिला, हललासुद्धा नाही. का, ते त्यानं विचारलं नाही आणि आज्जानं सांगितलं नाही.

आणि सहा दिवसांनी तोच हा फ्लेक्स लावतो! काय करायचं ह्याला?

मी दुपारी आज्जाला म्हटलं, जाऊ नका, मी सांगतो त्यांना तब्येत बरी नाही म्हणून. "कशाला खोटं? पोरांनी पैसं घातल्यात," म्हणाला आणि मेडल काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसला.

आत्ता आलाय. शाल, नारळ, प्लास्टिकची तलवार. डॉल्बी अजून चालूच आहे. मी न राहवून विचारलं, फ्लेक्स बघितला का?

"बघितला की. बूट लई झ्याक हायत त्येचं," म्हणाला. "आमाला तसलं कवा मिळालंच न्हाईत."